बातमी लवकर झळकावी म्हणून: आहे ते वर्डप्रेस सुधारावे की स्थिर पानांकडे वळावे?

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचा अक्षता सोहळा सुरू असतो, बातमीदार संमती कट्ट्याजवळून फोटो पाठवतो, उपसंपादक चार ओळी लिहून ‘प्रसिद्ध करा’ हे बटण दाबतो आणि पडद्यावरचे चक्र फिरतच राहते. अशा वेळी वाढत्या वृत्त-संकेतस्थळाच्या चालकाला दोन सल्ले मिळतात: आहे ते वर्डप्रेस (बातम्या लिहून संकेतस्थळावर टाकण्याची प्रणाली) दुरुस्त करावे, किंवा ते सोडून स्थिर पानांची, म्हणजे आधीच घडवून ठेवलेली पाने वाचकाला जशीच्या तशी देण्याची, पद्धत स्वीकारावी.

वर्डप्रेसमध्ये बातमीची नोंद डेटाबेसमध्ये होण्यास फारसा वेळ लागत नाही. वेळ खातात ती तिच्यामागे लावून दिलेली कामे. साइटमॅप (शोधयंत्रांसाठीची पानांची यादी) बदलणे, समाजमाध्यमांवर दुवा टाकणे, वाचकांना नोटिफिकेशन पाठवणे आणि सगळे कॅशे (तयार पानांच्या साठवलेल्या प्रती) रिकामे करणे ही कामे प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेले पूरक प्रोग्राम) त्याच वेळी उरकू लागले, की ती संपेपर्यंत उपसंपादकाला ताटकळावे लागते. खरे दुखणे तर त्यापुढचे आहे. कॅशे नुकतेच रिकामे झालेले असते आणि नेमके तेव्हाच नोटिफिकेशन पाहून वाचकांची झुंबड उडते. त्यामुळे तीच पाने सर्व्हरला पुन्हा पुन्हा घडवावी लागतात आणि दुसऱ्या उपसंपादकाची बातमीही त्या गर्दीत अडकते.

यावरचे उपाय बेताच्या खर्चाचे आहेत. नोटिफिकेशन पार्श्वभूमीतील रांगेत टाकून मिनिटभर उशिरा पाठवावे, आणि कॅशे केवळ ती बातमी, मुखपृष्ठ व संबंधित विभाग यांचेच काढावे. वर्डप्रेसची वेळापत्रकी कामे मुळात वाचकाच्या भेटीवर चालतात. पाने कॅशेमधूनच जाऊ लागली, की ती भेट वर्डप्रेसपर्यंत पोहोचत नाही आणि रात्री लावून ठेवलेले सकाळी सहाचे राशिभविष्य वेळेवर प्रसिद्ध होत नाही, म्हणून ते काम सर्व्हरच्या क्रॉनकडे (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सुविधेकडे) सोपवावे. फोटोबाबत मी विशेष आग्रही आहे. प्रत्येक फोटोच्या अनेक आकारांतील प्रती सर्व्हरवर तयार होतात, थीम (संकेतस्थळाचे रूप ठरवणारा साचा) त्यांत भर घालते, आणि वर्डप्रेसच्या ५.३ या आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो आपोआप लहान होत असला, तरी तो भारही सर्व्हरच उचलतो. फोटो मोबाइलवरच लहान करून पाठवण्याची सवय बातमीदारांना लावली, तर यातला बराच वेळ विनाखर्च वाचतो.

ह्यूगोसारख्या साधनाने घडवलेली स्थिर पाने वाचकाला अतिशय वेगाने मिळतात आणि यात्रेच्या गर्दीतही डेटाबेस कोलमडण्याचा प्रश्न उरत नाही. परंतु वाचकाचा वेग आणि संपादकाचा वेग या दोन वेगळ्या बाबी आहेत. मथळ्यातील एक वेलांटी सुधारली, तरी पाने पुन्हा घडवून सर्व्हरवर पाठवावी लागतात, आणि कांद्याच्या लिलावाचे भाव दुपारभर बदलत असतील, तर ही फेरी दिवसातून कित्येकदा करावी लागते. शिवाय उपसंपादकांसाठी लेखनाची वेगळी खिडकी उभारावी लागते. वर्डप्रेस मागे ठेवून दर्शनी भाग स्वतंत्रपणे बांधण्याचा तिसरा मार्गही आहे, पण पूर्णवेळ प्रोग्रामर नसेल, तर तो विचारातच घेऊ नये.

चार-पाच उपसंपादकांच्या कार्यालयाने वर्डप्रेसच सुधारावे आणि स्थिर पाने जुन्या, न बदलणाऱ्या बातम्यांसाठी राखावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. निर्णयापूर्वी एक चाचणी अवश्य घ्यावी: संकेतस्थळाच्या चाचणीच्या प्रतीवर सर्व प्लगइन बंद करून एक बातमी प्रसिद्ध करावी, मग ते एकेक सुरू करत प्रत्येक वेळचे सेकंद वहीत टिपावेत. प्लगइन बंद असतानाही चक्र तितकेच फिरत राहिले, तर आधी होस्टिंग (सर्व्हर पुरवणारी सेवा) बदलावे.