पालक-शिक्षक संघाची करसवलत: प्राप्तिकर पोर्टलवरचा फॉर्म 10ए

फॉर्म 10ए म्हणजे करसवलतीच्या नोंदणीचा ऑनलाइन अर्ज. प्राप्तिकर कायदा 1961 खालची (तो 31 मार्च 2026 पर्यंत लागू होता) ही सेवा चोख होती, सरकारी शुल्क शून्य. पण महाराष्ट्राच्या 2011 च्या शालेय फी कायद्यानुसार शाळेत नेमलेली पालक-शिक्षक समिती अर्ज करू शकत नव्हती. आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात (मुंबईत ते वरळीला) न्यासनोंदणी, मग न्यासाचं स्वतःचं पॅन. न्यासपत्रात विसर्जनाचं (न्यास बंद करण्याचं) कलम हवंच: उरलेली मालमत्ता सभासदांत वाटली जाणार नाही, समान हेतूच्या संस्थेला जाईल. पॅनवरचं नाव न्यासनोंदणीच्या प्रमाणपत्राशी अक्षरन्‌अक्षर जुळवा. 12ए (न्यासाच्या उत्पन्नाला करसूट) आणि 80जी (देणगीदारांना करसवलत) यांसाठी अर्ज वेगवेगळे. तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची. खरी गफलत पुढे व्हायची: काम सुरू झाल्यावर सहा महिन्यांत किंवा मुदत संपण्याच्या सहा महिने आधी, जे अगोदर येईल तेव्हा, नियमित नोंदणीचा फॉर्म 10एबी भरावाच लागायचा.