लिंगक्रोमॅटिनच्या तयार स्लाइडचा संच : मांजराची स्लाइड उत्तम, बाकी जपून

आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने यंदा मानवी आणि प्राणी पेशींतील लिंगक्रोमॅटिन (मादीच्या पेशीकेंद्रकात दिसणारा, आक्रसलेल्या एक्स गुणसूत्राचा गडद पिंड, म्हणजेच ‘बार बॉडी’) दाखवणारा चार तयार स्लाइडचा संच मागवला. त्यावर दोन तुकड्यांची प्रात्यक्षिके झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. विक्रेत्याचे नाव मुद्दामच देत नाही.

संचातील सर्वांत मोलाची स्लाइड मांजरीच्या चेतापेशींची आहे. १९४९ मध्ये कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या लंडन शहरी शास्त्रज्ञ मरे बार आणि त्यांचे विद्यार्थी एवर्ट बर्ट्राम यांना हा पिंड दिसला, तो मांजराच्याच चेतापेशींत. आणि तेव्हा ते लिंगभेद शोधतही नव्हते. चेतांना विद्युत उद्दीपन दिल्यावर पेशींत काय बदल होतात हे पाहताना काही मांजरांच्या पेशींत केंद्रकीशेजारी (केंद्रकाच्या आतल्या गोलाकार भागाशेजारी) एक गडद ठिपका दिसतो आणि काहींच्या पेशींत दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि हा फरक मादी-नराचा निघाला. आमच्या स्लाइडवर क्रेसिल व्हायोलेटने तो ठिपका इतका स्वच्छ रंगला आहे की बहुतेक विद्यार्थ्यांना तो न दाखवता सापडला. सोबतच्या पत्रकात मात्र ‘पिंड केंद्रकपटलाला चिकटलेला पाहावा’ असे छापले आहे. माणसाच्या गालातील पेशींना ते लागू पडते, मांजराच्या चेतापेशींना नाही. ज्यांनी पत्रक प्रमाण मानले ते केंद्रकाच्या कडेवरच शोधत बसले.

गालाच्या आतील पेशींची स्लाइड बरी आहे. खरवड पातळ पसरली असून पेशी एकमेकींवर चढलेल्या नाहीत. पण जिवाणू बरेच राहिले आहेत, आणि केंद्रकाच्या कडेवर बसलेला जिवाणू नवख्या डोळ्याला बार बॉडीच वाटतो. स्त्रीच्याही प्रत्येक पेशीत पिंड दिसत नाही, म्हणून पेशी मोजाव्या लागतात, हे पत्रकात कुठेही नाही.

खरी उणीव पुढेच आहे : पुरुषाच्या पेशींची स्लाइडच नाही. तुलनेला काही नसेल तर ‘आहे’ या निरीक्षणाला अर्थ उरत नाही. विद्यार्थ्यांच्याच गालाची खरवड घेण्याची जुनी प्रथा आम्ही बंद केली आहे, कारण एखाद्या मुलाच्या पेशींत पिंड दिसला आणि त्याची गुणसूत्रे एक्सएक्सवाय (नेहमीच्या एक्सवायपेक्षा एक एक्स जादा) असण्याची शक्यता निघाली, तर ती गोष्ट वर्गात उघड होण्याजोगी नव्हे. १९८५ मध्ये जपानमधील कोबे येथील विद्यापीठ क्रीडास्पर्धेत स्पेनची अडथळा-धावपटू मारिया होसे मार्टिनेझ पातिन्यो त्या काळी महिला खेळाडूंच्या लिंगतपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या याच चाचणीत ‘अनुत्तीर्ण’ ठरली होती, आणि पुढे तिच्या खासगी आयुष्याची वर्तमानपत्रांत चर्चा झाली. तयार संच घेण्याचा आमचा मुख्य हेतूच असा प्रसंग टाळण्याचा होता.

रक्ताच्या स्लाइडविषयी फार लिहिण्यासारखे नाही. स्त्रीच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींपैकी जेमतेम ३ टक्क्यांत ड्रमस्टिक (केंद्रकाला लटकलेली, ढोलाच्या काठीसारखी दिसणारी लिंगक्रोमॅटिनची गाठ) दिसते, त्यामुळे ऑइल इमर्शन भिंगाखाली धीराने शोधावे लागते. एका तासिकेत ती सापडलीच तर नशीब.

उंदराच्या यकृताची स्लाइड संचात का घातली, हे मात्र उमगले नाही. जनुकशास्त्रज्ञ सुसुमू ओहनो यांनी १९५९ मध्ये हा पिंड म्हणजे एकच आक्रसलेले एक्स गुणसूत्र आहे, असे दाखवले ते उंदराच्या यकृतपेशींवरून, हे खरे. पण ते विभाजन पावणाऱ्या पेशींत पाहिलेले होते. विभाजन न होणाऱ्या उंदराच्या केंद्रकात मुळातच क्रोमॅटिनचे अनेक गडद पुंजके असतात, आणि त्यांतला नेमका कोणता एक्सचा, हे पदवीच्या विद्यार्थ्याने साध्या सूक्ष्मदर्शकातून सांगावे ही अपेक्षाच चुकीची आहे. तिच्या जागी पुरुषाच्या गालपेशी दिल्या असत्या तर संच पूर्ण झाला असता.

पेटी २४०० रुपयांना पडली. मांजराची स्लाइड सुटी मिळत असेल तर तेवढीच घ्यावी. पुरुषाच्या स्लाइडसाठी विक्रेत्याला दोनदा लिहिले; उत्तरादाखल पुढील वर्षाचे दरपत्रक आले.