ओएसएस ११७ की कोमिसार एक्स? वेळ एकाच मालिकेला असेल तर

बाँडपट बघून झाले, आता साठच्या दशकातल्या कमी पैशांत काढलेल्या युरोपीय हेरपटांकडे वळायचंय, सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की मी दोनच नावं सांगतो. फ्रेंचांचा ओएसएस ११७ आणि जर्मन-इटालियनांचा कोमिसार एक्स. बाकी पसारा प्रचंड आहे. १९६४ साली 'गोल्डफिंगर' हा बाँडपट चालला आणि रोम, पॅरिस, माद्रिद, म्युनिक इथल्या निर्मात्यांची रांगच लागली. कुणाचा एजंट ०७७, कुणाचा ००८, कुणाचा ३एस३. त्यांतले काही मला मनापासून आवडतात. पण एकाच माणसाचा हात धरून सलग चार-पाच चित्रपट बघावेत अशा मालिका मला तरी या दोनच सापडल्या.

दोन्हींना पुरेल इतका वेळ असेल तर प्रश्नच नाही, दोन्ही बघा. मला तेवढा वेळ नव्हता. गेल्या वर्षी अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले. रात्री जेवणानंतर त्यांना काहीतरी बघायला हवं असतं आणि नऊ-साडेनऊला झोप येते. त्यामुळे एक चित्रपट तीन रात्री चालतो. अशा हिशेबाने मालिका निवडायची म्हणजे एक घेतली की दुसरी सोडली. मी आधी ओएसएस ११७ घेतली. का घेतली आणि मधेच का बदलली, तेवढंच सांगतो.

ओएसएस ११७ ही देखणी मालिका आहे, यात वाद नाही. मूळ कादंबऱ्या जाँ ब्रूस या फ्रेंच लेखकाच्या, आणि ओएसएस ११७ हे त्यांतल्या हेराचं सांकेतिक नाव. पहिली १९४९ची, म्हणजे बाँडच्या पहिल्या पुस्तकाच्या चार वर्षं आधीची. तेव्हा हा बाँडची नक्कल आहे असं म्हणणं अर्धंच खरं. चित्रपट बाँडमुळे असे निघाले हे मान्य, पण माणूस आधीचा. सुरुवातीच्या चित्रपटांचा दिग्दर्शक आंद्रे ह्यूनबेल. हा गृहस्थ सिनेमात येण्यापूर्वी पॅरिसमध्ये काचेच्या कलावस्तू घडवायचा, फुलदाण्या, ताटं वगैरे, आणि त्यात त्याचं चांगलं नाव होतं. हे कळल्यापासून मला त्याची प्रत्येक चौकट वेगळी दिसायला लागली. खोलीत दिवा कुठे आहे, उजेड कशातून आरपार येतोय, टेबलावर काय ठेवलंय, याकडे त्याचं लक्ष असतं. मालिकेतला ब्राझीलच्या बाहियात घडणारा चित्रपट १९६५चा, तेव्हा तो सत्तरीला टेकलेला. तरी तिथल्या दृश्यांत हिरव्या रंगाची जी तऱ्हा आहे ती बघताना थकलेला हात कुठे जाणवत नाही.

त्यात मिशेल मान्यचं संगीत. आणि खलनायक चांगले. १९६४च्या बँकॉकच्या चित्रपटात रोबेर ओसेन आहे. आवाज न चढवता बोलतो आणि त्यानेच धाक बसतो. कारस्थानंही नुसती 'जग जिंकायचं' छापाची नाहीत. बँकॉकमध्ये लस आणि प्लेग यांचा संबंध आहे, बाहियात माणसाला स्वतःचा जीव देऊन खून करायला लावणारं औषध आहे. साठ वर्षं उलटून गेली तरी या दोन कल्पना शिळ्या वाटत नाहीत. एकेक चित्रपट सुटा घेऊन तोलला तर ओएसएस ११७चं पारडं जड आहे, हे मी आधीच कबूल करतो.

आता मला जे खुपलं ते.

पहिले दोन चित्रपट, १९६३चा कृष्णधवल आणि १९६४चा रंगीत बँकॉक, यांत नायक कर्विन मॅथ्यूज. पुढचे दोन, १९६५चा बाहिया आणि १९६६चा टोकियो, यांत फ्रेडरिक स्टॅफर्ड. मग १९६८च्या चित्रपटात जॉन गॅव्हिन. पाच चित्रपट, तीन चेहरे. १९७०च्या सहाव्यात तर आणखी चौथा. माणूस मात्र तोच समजायचा, ह्यूबेर बोनिसर द ला बाथ.

मी एकटा बघत होतो तेव्हा हे मला फारसं टोचलं नव्हतं. बाँडही बदललाच की, असं मी म्हणायचो. पण शॉन कॉनरीने १९६७पर्यंत ओळीने पाच चित्रपट केले, माणूस प्रेक्षकाच्या अंगवळणी पडला आणि मग तो बदलला. इथे जरा ओळख होते न होते तोच नवा माणूस त्याच नावाने दारात उभा. हा माणूस विमानातून उतरताना कसा दिसतो, खोलीत शिरल्यावर आधी काय करतो, बाईशी बोलताना कुठे थांबतो, हे कळायला दोन चित्रपट लागतात. आणि दोन चित्रपटांनीच तो जातो.

अण्णांना गेली दोनेक वर्षं विसर पडायला लागलाय. जुनं सगळं लख्ख आठवतं, कालचं निसटतं. बँकॉकचा चित्रपट त्यांनी तीन रात्री आवडीने बघितला. चौथ्या रात्री बाहियाचा लावला. दहा मिनिटं शांत बसले आणि म्हणाले,

"हा कोण?"

"हाच तो, अण्णा. ओएसएस ११७."

"मग कालचा कुठे गेला?"

मी सांगितलं की नट बदललाय. त्यांनी मान हलवली. पाच मिनिटांनी पुन्हा, "कालचा येणारे का?" असं त्या रात्री तीन-चार वेळा झालं. त्यांना चित्रपट कळत नव्हता असं अजिबात नाही. मारामारी कळत होती, औषधाचं कारस्थान तर मला समजावून सांगितलं. त्यांना फक्त तो माणूस हवा होता ज्याची त्यांनी तीन रात्री मनात ओळख धरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, "त्या बिचाऱ्याला मारलं की काय त्यांनी?" त्यानंतर मला बाहियाचा उरलेला भाग लावावासा वाटला नाही. मी एकट्याने बघून संपवला. चांगलाच आहे, स्टॅफर्डही चांगलाच आहे. हिचकॉकने पुढे १९६९मध्ये त्याला नायक घेतला तो उगाच नाही. पण तोवर माझ्याही मनात ती गोष्ट बसली होती. टोकियोला पोचेपर्यंत मीच मॅथ्यूजला शोधत होतो.

मग कोमिसार एक्स लावली.

ही मालिका पश्चिम जर्मनीतल्या स्वस्त पुस्तिकांवरून निघाली. वर्तमानपत्रांच्या टपरीवर मिळायच्या तशा, आपल्याकडे रेल्वे स्टेशनवर रहस्यकथा मिळायच्या त्याच जातीच्या. नायक दोन. जो वॉकर हा खासगी गुप्तहेर, कोमिसार एक्स म्हणतात तो हाच, आणि टॉम रोलंड न्यूयॉर्क पोलिसांत कॅप्टन. १९६६ ते १९७१ या काळात सात चित्रपट आले आणि सातही चित्रपटांत जो म्हणजे टोनी केंडल, टॉम म्हणजे ब्रॅड हॅरिस. शहर बदलतं, दिग्दर्शक बदलतात, पैसा कमीजास्त होतो, ही जोडी हलत नाही. सिलोन, सिंगापूर, इस्तंबूल, कॅनडा, थायलंड, आणि शेवटचा तर पाकिस्तानात.

दोघांचं जमत नाही आणि दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही. जो उशिरा येतो, टॉम घड्याळ बघतो. जो नियम मोडतो, टॉम चिडतो आणि मग त्यालाच सोडवायला जातो. लिखाण म्हणून यात नवं काही नाही. पण तेच दोघं सात वेळा भांडताना बघितले की त्या भांडणाला वय यायला लागतं. चौथ्या चित्रपटात टॉम नुसता जोकडे बघतो आणि पुढचं वाक्य आपल्याला आधीच कळलेलं असतं. ओएसएसमध्ये इतकी सुंदर चित्रं असून हे सुख मला मिळालं नाही.

आणि ब्रॅड हॅरिसच्या मारामाऱ्या. हा अमेरिकन पिळदार गडी, रोममध्ये हर्क्युलीस-सॅमसनच्या पौराणिकपटांत काम करून आलेला. त्या पौराणिकपटांची लाट ओसरली तसे बरेच पैलवान कोट-टाय घालून हेरपटांत आले, त्यांतला हा एक. स्टंट तो स्वतः करायचा. त्यामुळे मारामारीच्या वेळी कॅमेऱ्याला लपवाछपवी करावी लागत नाही. लांबून पूर्ण माणूस दिसतो, धावत येतो, उडी मारतो, पडतो, आणि उठतो तेव्हा चेहरा त्याचाच असतो. सिलोनच्या चित्रपटात त्याच्यासमोर डॅन व्हॅडिस आहे, कराटेवाला मारेकरी. तोही हर्क्युलीसपटांतलाच. दोन खरे ताकदवान लोक एकमेकांना भिडतात तेव्हा काय दिसतं ते यात बघा. अण्णा खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

"हा खरा पडला," म्हणाले.

दुसऱ्या चित्रपटाच्या पहिल्या रात्री मी जरा धास्तीतच होतो. टॉम रोलंड पडद्यावर आला आणि अण्णांनी बोट दाखवलं. "कॅप्टन आला." नाव आठवलं नव्हतं, पण माणूस आठवला होता. त्या मानेवरून आणि खांद्यांवरून, मला वाटतं. मी नट, वर्षं, दिग्दर्शक या सगळ्याची इतकी वर्षं मोजदाद ठेवतोय, पण मालिका कशाला म्हणायचं ते मला त्या रात्री कळलं.

आता कोमिसार एक्सच्या उण्या बाजू, कारण त्या आहेत. ओएसएसकडून इकडे आलात तर पहिला अर्धा तास चित्र फिकं वाटेल. संगीत ठीक, पहिल्या चित्रपटात जो वॉकरच्या नावाचं गाणं आहे ते डोक्यात बसतं, पण मिशेल मान्यच्या जवळपासही नाही. आवाजाचंही तसंच. हे चित्रपट दोन-तीन देशांनी मिळून काढलेले. प्रत्येक देशाने थोडा पैसा घालायचा, आपले नट द्यायचे, आणि मग तो चित्रपट प्रत्येक देशात स्वदेशी धरला जायचा. पडद्यावर एक इटालियन, एक अमेरिकन, बाकी जर्मन, आणि आवाज नंतर भरलेले. त्यामुळे अस्सल म्हणावा असा ट्रॅक कोणताच नाही. अण्णांना सबटायटल वाचता वाचता निसटतात म्हणून मी दोन्ही मालिका इंग्रजी डबमध्येच लावल्या. ओएसएसचा डब मला जास्त नीट वाटला. कोमिसार एक्समध्ये ओठ आणि शब्द यांची चुकामूक बरीच होते. माझ्या कानाला तिसऱ्या चित्रपटापर्यंत सवय झाली, तुमच्या होईलच असं नाही.

त्याहून मोठी अडचण बायकांची. जो वॉकर दिसेल त्या बाईला न विचारता जवळ ओढतो आणि चित्रपटाला ते गमतीचं वाटतं. मला ते आज बघवत नाही, मुलगी शेजारी बसलेली असताना तर मुळीच नाही. पहिल्या चित्रपटात खलनायकाकडे औषध देऊन ताब्यात ठेवलेल्या बायकांची आख्खी फौज आहे. ओएसएस यात फार सोवळा आहे असं नाही, पण मिलेन दमाँझो किंवा मरीना व्लादी यांच्यासारख्या अभिनेत्री असल्यामुळे समोरची बाई निदान उत्तर देते. हा मुद्दा तुम्हाला निर्णायक वाटला तर मी वाद घालणार नाही.

एक सांगायचं राहिलं. एकट्याने, चांगल्या प्रिंटवर, महिन्यातून एखादा असा बघणार असाल तर ओएसएस ११७च घ्या, आणि बँकॉकपासून सुरू करा. १९६३चा कृष्णधवल पहिला नंतर बघितला तरी चालतो. तेवढ्या अंतराने बघितलं तर चेहरा बदलल्याचा त्रास होणार नाही. पण घरात कोणाबरोबर, रोज थोडं थोडं, जेवण झाल्यावर बघायचं असेल तर मी कोमिसार एक्सच म्हणेन. त्यातही पहिल्यापासून नको. सिलोनचा आधी, मग इस्तंबूलचा, तो एलएसडी या अमली पदार्थाच्या चोरीचा आहे आणि वेगवान आहे. या दोघांनी जोडीशी ओळख करून दिली की मग पहिला. कॅनडाचा मला कंटाळवाणा वाटला, तो वगळला तरी चालेल.

शेवटचा, १९७१चा पाकिस्तानातला, आपल्याकडच्या माणसाने चुकवू नये. हाराल्ड राइनल दिग्दर्शक, आणि जो-टॉमबरोबर लाहोरच्या चित्रसृष्टीतले मोहम्मद अली आणि झेबा. चित्रपट म्हणून डावा आहे, दोघा नायकांच्या डोळ्यांखाली वय दिसतं. पण रस्त्यावरची गर्दी, दुकानांच्या पाट्या, माणसांचं हातवारे करून बोलणं, सगळं ओळखीचं. अण्णांनी तो दोन रात्रींत संपवला, नऊ वाजून गेले तरी उठले नाहीत. बघताना त्यांना त्यांच्या तरुणपणीचा, १९६७चा जितेंद्रचा 'फर्ज' आठवला, आणि त्यातला एजंट ११६ नंबरचा होता हेही आठवलं.

सध्या सिलोनचा तिसऱ्यांदा चालू आहे. काल कॅप्टन यायच्या आतच त्यांनी मला आतून हाक मारून बसवलं.