एबीए थेरपी: चार वर्षांच्या मुलीच्या आईचा अनुभव

माझी मुलगी चार वर्षांची, ऑटिस्टिक, अजून बोलत नाही. तिला एबीए (अप्लाइड बिहेवियर ॲनॅलिसिस, म्हणजे वागण्याचं निरीक्षण करून छोट्या पायऱ्या आणि बक्षिसं यांनी शिकवण्याची पद्धत) थेरपीचा उपयोग होतोय का, असं बरेच पालक विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. होतोय, आणि तो रोजच्या कामांत दिसतो.

मला सगळ्यात भावलं ते आमच्या सेंटरमधलं शिकवणं. हात धुणं हे आपल्या लेखी एकच काम. थेरपिस्टने त्याच्या पायऱ्या पाडल्या: नळ सोडणं, हात ओले करणं, साबण घेणं, चोळणं, धुणं, नळ बंद करणं, पुसणं. आणि शिकवायला सुरुवात केली शेवटून! आधीचं सगळं ती हात धरून करून घ्यायची, टॉवेलने पुसणं तेवढं मुलीवर सोडायची. पुसून झालं रे झालं की साबणाचे फुगे, कारण लेकीला त्याहून प्रिय काही नाही. पुसणं जमल्यावर नळ बंद करणं, मग त्याच्या आधीची पायरी. याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. यात काम पुरं केल्याचं समाधान मुलाला पहिल्याच दिवशी मिळतं. पॅन्टचंही तसंच. गुडघ्यापासून कमरेपर्यंत ओढायची तिने, बाकीचं थेरपिस्टने.

मदत करण्यातही केवढा विचार असतो! थेरपिस्ट मुलीच्या पाठीमागे उभी राहून हात धरते आणि तोंडाने अवाक्षर काढत नाही. मी कारण विचारलं. म्हणाली, "ताई, हाताची मदत कमी करत नेता येते. आधी पंजा धरायचा, मग मनगट, मग कोपराला नुसता स्पर्श. पण 'आता साबण घे' असं दरवेळी म्हणत राहिलं, तर मूल त्या आवाजासाठी थांबून राहतं." प्रत्येक पायरी लेकीने स्वतः केली की मदतीने, याची नोंद थेरपिस्ट तिथल्या तिथे करतात आणि आलेख पालकांना दाखवतात.

बूट घालायची वेळ आली की लेक ते भिरकावायची. आधी काय घडलं, तिने काय केलं, त्यानंतर काय झालं, हे काही दिवस लिहून ठेवल्यावर उलगडा झाला: बूट फेकला की कुणीतरी येऊन घालून देतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग तिला 'मदत'चं चित्रकार्ड द्यायला शिकवलं. कार्ड हातात आलं की लगेच मदत. फेकणं जवळपास थांबलंय, आणि बुटाची पट्टी आता ती स्वतः लावते.

एबीएवर टीका होते आणि ती मला रास्त वाटते. मानसशास्त्रज्ञ इवार लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासाने ही पद्धत गाजली. त्यात आठवड्याला सुमारे ४० तास थेरपी मिळालेल्या १९ मुलांपैकी ९ मुलांचा बुद्ध्यांक सर्वसाधारण पातळीवर आला आणि ती नेहमीच्या शाळेत पहिली पास झाली. पण मोठ्याने 'नाही' ओरडणं, प्रसंगी मांडीवर चापट मारणं हेही त्या थेरपीत होतं. शिवाय कुठल्या मुलाला किती थेरपी मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे ९ चा आकडा दाखवून कुणी हमी देत असेल तर विश्वास ठेवू नका. आधीच्या एका सेंटरमध्ये लेकीची हनुवटी धरून डोळ्यांत बघायला लावायचे. ती रडकुंडीला यायची, आम्ही तिथून तिला काढलं. इथे नजरेची सक्ती नाही, आणि आनंदात ती हात फडफडवते त्यालाही कुणी हात लावत नाही.

तक्रारी आहेत. सेंटरचा नळ दाबायचा, घरचा फिरवायचा, त्यामुळे तिथे शिकलेलं घरी येईना. मी मागे लागल्यावर थेरपिस्ट घरी आली आणि मग जमलं. खरं तर वेगवेगळ्या नळांवरचा सराव सुरुवातीपासूनच आखायला हवा होता. मधेच थेरपिस्ट बदलली तेव्हा लेकीला पुन्हा रुळायला बराच वेळ लागला, आणि आम्हाला आधी साधी कल्पनाही दिली नव्हती.

पाचपैकी चार स्टार. नाव घालण्याआधी एक सेशन आत बसून बघा. पालकांना आत येऊ देत नसतील तर मी तिथे मूल ठेवणार नाही.