पाळीची तारीख सांगणारं अ‍ॅप: चौदा महिन्यांनंतर

पाळीची नोंद ठेवणारं एक अ‍ॅप मी चौदा महिने वापरतेय आणि त्याच्या जोडीला दोन दशांशांपर्यंत आकडा दाखवणारा थर्मामीटर. दोन्हींबद्दल एकत्रच लिहिते. थर्मामीटर नसता, तर मी या अ‍ॅपवर डोळे झाकून विसंबले असते.

सुरुवातीलाच अ‍ॅपने विचारलं, शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कोणता आणि चक्र किती दिवसांचं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला येईना. वय छत्तीस, पाळी सुरू होऊन तेवीस वर्षं झालेली, आणि 'महिन्याला येते' यापलीकडे मला काही सांगता येत नव्हतं. रकाना मोकळा सोडला, तर अ‍ॅपने परस्पर 28 धरून टाकले.

पुढच्याच महिन्यात स्क्रीनवर लाल अक्षरं: 'पाळीला 5 दिवस उशीर'. पोटात गोळाच आला. चाचणी केली, एकच रेघ उमटली, तरी रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या दिवशी पाळी आली. त्यानंतरच्या महिन्यातही हेच. खरं तर उशीर झालाच नव्हता. माझं चक्रच 33-34 दिवसांचं आहे. मोठ्या बायकांमध्ये साधारण 21 ते 35 दिवसांत कधीही पाळी आली तरी ते ठीकच असतं. हे एक वाक्य अ‍ॅपने त्या लाल अक्षरांखाली लिहायला हवं होतं.

मग थर्मामीटर घेतला. जाग आली की उठायच्या, बोलायच्या, पाणी प्यायच्याही आधी तो जिभेखाली धरायचा. पहिले काही दिवस आकडे नुसते वर-खाली: 36.41, 36.38, 36.44. अशातच विसाव्या दिवसानंतर 36.70 आला. पुढच्या दिवशी 36.76, त्याच्या पुढच्या दिवशी 36.74. अंथरुणात पडल्या पडल्या मी ते तीन आकडे पुन्हा पुन्हा पाहत होते. स्त्रीबीज सुटलं की बीजकोशात मागे जे उरतं, त्यातून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) तयार होतं आणि त्याने अंगाचं तापमान थोडंसं, अर्ध्या अंशाच्या आत-बाहेर, चढतं. इतकी वर्षं हे माझ्या अंगात होत आलं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

त्याआधीचे चार दिवस तार धरणारा, पारदर्शक स्राव जात होता. 'अंगावरून पांढरं जातंय' म्हणून मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात घाबरत आले होते. खाज नाही, घाण वास नाही, चक्राच्या मधल्या दिवसांत येतो आणि जातो, तर तो आजार नव्हे. बीज सुटण्याची वेळ जवळ आल्याची ती खूण आहे.

अ‍ॅपबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. त्याने पहिले तीन महिने बीज चौदाव्या दिवशी सुटतं असं धरलं आणि अठराव्या दिवसापासून पुढे 'गर्भधारणेची शक्यता कमी' म्हणून हिरवा रंग दिला. माझं बीज विसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरतात, बीज जेमतेम दिवसभर. म्हणजे माझे सगळ्यात नाजूक दिवस अ‍ॅपच्या हिरव्या रंगात येत होते. 'गर्भनिरोधनासाठी वापरू नये' ही सूचना सेटिंगच्या तळाशी, बारीक अक्षरांत. ती त्या हिरव्या रंगावरच हवी.

आणि ही काही नवी माहितीही नाही. बीज पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं, हे जपानचे क्युसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हर्मान क्नाउस यांनी 1920च्या दशकातच स्वतंत्रपणे मांडलं होतं. बीज सुटल्यानंतरचे दिवस बहुतेकींचे ठरावीक असतात, लांबतो किंवा आखडतो तो आधीचा भाग. तीन चक्रांनंतर अ‍ॅपने सरासरी काढून तारखा सुधारल्या, हे मान्य. पण एका महिन्यात मी तापाने पडले, थर्मामीटरवर 38.1 (तो आकडा नोंदीतून खोडावाच लागला), बीज सव्विसाव्या दिवशी सुटलं, आणि अ‍ॅप जुन्याच तारखेवर अडून बसलं. सरासरीला माझा ताप कसा कळणार?

आता चांगलं सांगते, आणि त्यासाठीच अ‍ॅप अजून फोनमध्ये आहे. रोजच्या नोंदीसाठी त्यात एक साधी मोकळी चौकट आहे. तिथे मी लिहीत गेले: आज किती पॅड बदलले, गाठी पडल्या का, कंबर भरून आली का, गोळी घ्यावी लागली का. आठ महिन्यांच्या नोंदी छापून डॉक्टरांकडे नेल्या. 'जास्त जातं' असं मी आधीही कितीदा सांगितलं होतं, पण 'दुसऱ्या दिवशी 10 पॅड, दर दोन तासांनी बदल, एकूण 9 दिवस' हे कागदावर पाहिल्यावर त्यांनी लगेच तपासण्या लिहून दिल्या. हिमोग्लोबिन 12.1, म्हणजे ठीक. फेरिटिन मात्र 9. शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. जिने चढताना लागणारी धाप मी वयावर ढकलत होते. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराला लागून एक छोटी फायब्रॉइडची गाठ दिसली. कर्करोगाची नाही, पण रक्तस्राव वाढवणारी.

ज्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात त्यांना तापमानाचा उपयोग नाही, कारण त्या गोळ्यांवर बहुधा बीज सुटतच नाही. रात्रपाळी असेल किंवा बाळासाठी सारखं उठावं लागत असेल तर आकडे भरवशाचे येत नाहीत. अशांनी नुसती नोंदीची चौकट वापरावी, आणि खातं न उघडता, म्हणजे माहिती फोनमध्येच राहते.

भाकितांना पाचपैकी दोन तारे, नोंदींना पाच. लोहाच्या गोळ्या आणि जास्त जाणाऱ्या दिवसांचं औषध सुरू होऊन तीन पाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवसाच्या पॅडच्या रकान्यात आता 7, 6, 5 असे आकडे आहेत.