ड्राइव्हरॅक पीए२ : गाण्याच्या बैठकीसाठी कितपत उपयोगी?

ग्वाल्हेरमधल्या लहान मराठी मंडळाकडे साधारणपणे दोन टॉप (मुख्य स्पीकर), दोन सब (खर्जाचे स्पीकर), अ‍ॅम्प्लिफायर आणि एक मिक्सर एवढीच सामग्री असते, आणि गणेशोत्सवातली आरती, नाटक आणि शास्त्रीय गायन हे सारे तिच्यावरच निभवायचे असते. अशा व्यवस्थेसाठी डीबीएक्स कंपनीचा ड्राइव्हरॅक पीए२ हा प्रोसेसर (मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये बसून आवाज स्पीकरांत वाटणारे यंत्र) मला योग्य वाटतो, मात्र त्यातल्या स्वयंचलित सोयींवर गाण्याच्या वेळी विसंबू नये.

त्याला दोन इनपुट आणि सहा आउटपुट आहेत. ही आउटपुट हाय, मिड आणि लो (उंच, मधल्या आणि खालच्या वारंवारता) अशा डाव्या-उजव्या जोड्यांत ठरवून दिलेली असल्याने नवख्या माणसाचीही जोडणीत चूक होत नाही. स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर कोणते ते सांगितले की यंत्र क्रॉसओव्हर (वारंवारतांची स्पीकरांत विभागणी) आणि लिमिटर (पातळीची कमाल मर्यादा) स्वतः बसवते. तरीही सबचा हाय-पास (ठरावीक वारंवारतेखालचा आवाज अडवणारा फिल्टर) आपण स्वतः तपासावाच. कारण व्हेंट (हवेचे भोक) असलेली स्पीकरची पेटी ज्या वारंवारतेला जुळवलेली असते, तिच्या बऱ्याच खाली कोनाला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार उरत नाही, आवाज वाढत नाही, फक्त कोनाची हालचाल वाढते, आणि केवळ व्होल्टेज पाहणाऱ्या लिमिटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

फीडबॅक (माइकने स्पीकरचाच आवाज पुन्हा पकडल्याने निघणारी शिट्टी) रोखणाऱ्या फिल्टरांबाबत अधिक सांगायला हवे. माइकची शिट्टी म्हणजे एकाच वारंवारतेवर टिकून राहिलेला नाद, आणि तानपुऱ्याचा षड्ज किंवा गायकाने लावून धरलेला स्वरही यंत्राच्या दृष्टीने जवळजवळ तसाच असतो. त्यामुळे कार्यक्रम चालू असताना शोध घेणारे लाइव्ह फिल्टर खऱ्या स्वरालाच कापू शकतात. ख्याल गायकीचे घराणे ज्या गावाच्या नावाने ओळखले जाते, तिथे तरी हे चालवून घेऊ नये. कलाकार येण्यापूर्वी माइक उघडून, गेन (माइकची पातळी) हळूहळू वाढवून फक्त फिक्स्ड (एकदा बसवले की तसेच राहणारे) फिल्टर बसवावेत आणि लाइव्ह फिल्टर बंद ठेवावेत. सभागृहाप्रमाणे आवाज आपोआप जुळवणारे ऑटो ईक्यूही रिकाम्या सभागृहात, माइक ठेवलेल्या जागेपुरतेच मोजते. श्रोते बसल्यावर कानाने दुरुस्ती करावीच लागते.

मोबाइलवरून नियंत्रण सोयीचे आहे, पण यंत्रात फक्त इथरनेट असल्याने वाय-फाय राउटर वेगळा घ्यावा लागतो.

मागच्या रांगांसाठी आणखी स्पीकर लावायचे असतील, तर मात्र आउटपुटच्या ठरीव जोड्या अडचणीच्या ठरतात. अशा मंडळांनी बेहरिंगरचा जुना डीसीएक्स २४९६ पाहावा. त्याला तीन इनपुट आणि सहा आउटपुट असून कोणतेही इनपुट कोणत्याही आउटपुटला देता येते आणि प्रत्येक आउटपुटचा डिले (मागच्या स्पीकरचा आवाज पुढच्या स्पीकरच्या आवाजाबरोबरच पोहोचावा म्हणून दिलेला उशीर) स्वतंत्र असतो. तो मांडायला अवघड आहे, आणि छोट्या पडद्यावर बरीच पाने उलटावी लागतात. परंतु डिसेंबरात, तानसेन समारोहाच्या दिवसांत, उघड्यावर कार्यक्रम करणाऱ्यांना त्यात हवेचे तापमान नोंदवण्याची सोय मोलाची वाटेल. आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ५ अंशांना सुमारे ३३४ मीटर असतो. म्हणजे ४० मीटरवरच्या स्पीकरचा डिले साधारण ३ मिलिसेकंदांनी बदलतो. म्हणून दुपारी बसवलेला डिले रात्री कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी पुन्हा तपासावा.