ठाण्यातून व्हाइट सॉक्स पाहताना: एका सशुल्क बेसबॉल प्रक्षेपण सेवेविषयी
अमेरिकेतल्या शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाने 2024 मध्ये 121 सामने गमावले आणि त्यानंतर डावखुरा पिचर (चेंडू फेकणारा) गॅरेट क्रोशे बोस्टनला दिला, आणि रूल 5 निवडीतून, म्हणजे इतर संघांनी राखून न ठेवलेले खेळाडू घेण्याच्या पद्धतीतून, मिलवॉकीकडचा पिचर शेन स्मिथ घेतला. अशा खेळाडूला पूर्ण हंगाम मुख्य संघात ठेवावे लागते, नाहीतर मूळ संघाला परत देऊ करावे लागते. ही जोखीम योग्यच होती, हे घोडबंदर रोडवरील घरी भल्या पहाटे या सेवेवर सामना लावला की पटते: स्मिथचा चेंजअप (फसवा, संथ चेंडू) बॅटखालून निसटतो आणि त्याचा वेग लगेच पडद्यावर उमटतो. चित्र स्वच्छ आहे. मात्र नोआ शुल्ट्झ, हेगन स्मिथ हे उमेदीचे डावखुरे पिचर ज्या कनिष्ठ लीगमध्ये घडले, तिथले सामने या सेवेवर शोधणे फारच किचकट आहे, आणि पडत्या काळातल्या संघाच्या चाहत्याला नेमके तेच पाहायचे असतात.